पार्टिशनपलीकडचे तायडे सर

तायडे सरांची आणि माझी ओळख माझ्या तक्रारीतून झाली. अकोल्याच्या आमच्या कॉलेजात खोल्या कमी पडायला लागल्या, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या लांबलचक हॉलमध्ये मधोमध प्लायवूडचं पार्टिशन ठोकण्यात आलं. अलीकडे मी बी.ए.च्या मुलांना मराठी शिकवायची, पलीकडे सुधाकर तायडे अर्थशास्त्र. मी एखादी विरहाची कविता जमवून आणावी, वर्ग जरा गप्प व्हावा, आणि नेमका तेव्हाच पलीकडून खणखणीत आवाज यावा, "काहून?" माझ्या वर्गात हशा पिकायचा आणि कवितेचं मातेरं व्हायचं.

वऱ्हाडात 'का' असं विचारायचं तर 'काहून' म्हणतात. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन इकडे आलेली. त्या शब्दाची मला तोवर सवय नव्हती. कोणीतरी अंगावर धावून येतंय असं वाटायचं. पंधरा दिवस सोसलं आणि मग प्राचार्यांकडे गेले. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत सर स्वतः स्टाफरूममध्ये आले. किडकिडीत माणूस, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, हातात शाळकरी मुलांची असते तशी कंपासपेटी. तिच्यात खडू.

"मॅडम, माझा आवाज तुमाले त्रास देऊन राहिला म्हणे."

मी हो म्हटलं. तेव्हा मी नवी होते आणि फारच तोऱ्यात होते.

"आवाज कमी करतो. पण पोरं जोरात बोलले तं त्याईले गप्प नाही करणार. लय मेहनतीनं बोलते केले आहेत मी त्याईले."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा आवाज खरंच खाली आला. मुलांचा मात्र वाढला. पुढे सोळा वर्षं मी तो वर्ग भिंतीपलीकडून ऐकला, आणि खरं सांगायचं तर अर्थशास्त्रातलं मला जे काही कळतं ते त्या प्लायवूडमधून आलेलं आहे.

सर तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जितके तास घ्यायचे तितक्याच तासांचे ते प्राध्यापक. सुट्टी लागली की नोकरी नाही, परीक्षा लागली की नोकरी नाही, जुलैत पुन्हा नव्याने अर्ज आणि नव्याने मुलाखत. राहायला अमरावतीला. पहाटे जवळच्या बडनेऱ्याहून गाडी पकडून यायचे आणि दुपारच्या गाडीने परत जायचे. वहिनी तिकडे एका उपकेंद्रात नर्स होत्या. घर कोणाच्या नोकरीवर चालतं हे सर स्वतःच सांगत. त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

नोट्स त्यांनी कधी दिल्या नाहीत. ऑफिसातले एका बाजूने छापलेले रद्दी कागद ते मागून न्यायचे, पट्टी धरून त्यांच्या चिठ्ठ्या फाडायचे आणि प्रत्येक चिठ्ठीवर स्वतःच्या अक्षरात एकेक कोडं लिहायचे. तास सुरू झाला की बाकागणिक एक चिठ्ठी. पंधरा मिनिटं मुलांनी आपसात भांडायचं, मग एकेका बाकाने उठून उत्तर सांगायचं. उत्तर बरोबर असो की चूक, सर म्हणणार, "काहून?" त्याचं कारण सांगितलं की त्या कारणाला पुन्हा, "काहून?" तिसऱ्या वेळेला भले भले गळपटत. सरांना त्या तिसऱ्या वेळेचीच गोडी होती.

एक चिठ्ठी मला आठवते. आमच्या गावात नळ यायचे ते आठवड्याच्या हिशेबाने. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'नळ आले की लोक घरात साठवलेलं जुनं पाणी रस्त्यावर ओतून देतात. गावात पाण्याची टंचाई आहे. मग ओततात काहून?'

एक मुलगा उठून म्हणाला, "सर, लोक मूर्ख आहेत."

"हे उत्तर आपल्या विषयात चालत नाही," सर म्हणाले. "कोणाले मूर्ख म्हणायचं असन तं आधी त्याच्या घरी दोन दिवस राहून यायचं. बस खाली. पुढचा बाक."

कोणी शिळ्या पाण्याच्या वासावर गेलं, कोणी किड्यांवर, कोणी नगरपालिकेवर. सर्वांना "काहून" मिळालं. मग मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला. प्रणाली इंगळे. ही मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातून यायची, वर्षाच्या सुरुवातीपासून तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता.

"सर, त्या दिवशी पाणी कमी नसते. भांडे कमी असतात."

अलीकडे माझा खडू थांबला.

"काहून?"

"पाणी तं तेवढा वेळ नळाले येतच राह्यते. ठेवाचं कशात? जुनं ओतलं तरच नवं बसन ना. अन् पुढचे नळ कधी येतीन ते कोणाले माईत हाय?"

सरांनी तिला तिसऱ्यांदा विचारलं नाही. फक्त म्हणाले, "आता पुस्तक काढा, दुसरं प्रकरण. दुर्मिळता म्हणजे काय ते त्यात लिहिलं आहे. पण हे इंगळेनं जास्त बरं सांगितलं." त्या दिवशी मी घरी गेले तेव्हा नळ आलेले होते आणि सासूबाई पिंप उपडं करत होत्या. मी त्यांना काही बोलले नाही.

आता एवढं सगळं छान होतं तर बिघडलं कुठे, असं कोणी विचारेल. बिघडलं परीक्षेत. विद्यापीठाचा पेपर 'महत्त्व विशद करा' आणि 'मर्यादा सांगा' या चालीवर चालतो. पाच मुद्दे, पाच शीर्षकं, खाली रेघ. तायडे सरांची मुलं तिथेही विचार करत बसायची. एकाने मक्तेदारीवरच्या प्रश्नात आपल्या गावच्या एकमेव पिठाच्या गिरणीवर तीन पानं लिहिली. उत्तम लिहिली असणार. पण तपासणाऱ्याला मुद्दे सापडले नाहीत आणि मुलगा नापास झाला. निकाल पडला की प्राचार्य सरांना बोलावून घेत. आमचे प्राचार्य वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्यावरही वरून दट्ट्या होता.

"तायडे, नोट्स देत चला."

"सर, नोट्स गाईडात आहेत. मंग मी कायले पायजे?"

"हे पाहा, तुम्हाला तासिकेवर घेतलंय. तासिकेपुरतं काम करा."

हे मला सरांनीच सांगितलं, आणि सांगताना हसले. पण त्यानंतर त्यांनी आणखी एक गोष्ट अंगावर घेतली. परीक्षेच्या आधीच्या रविवारी ते अमरावतीहून स्वखुशीने यायचे आणि मुलांना पेपर कसा लिहायचा ते शिकवायचे. "हा विचार, अन् हा पेपर. दोन्ही वेगळे ठेवा," असं सांगायचे. त्या रविवारांची नोंद कुठल्याच हजेरीत नव्हती.

दर जुलैत त्यांना हमीपत्र लिहून द्यावं लागे, की ही नेमणूक तात्पुरती आहे आणि मी कायमस्वरूपी नोकरीचा दावा करणार नाही. एके वर्षी ते माझ्याच टेबलाशी बसून लिहीत होते. मी सवयीने डोकावले आणि म्हटलं, "सर, कायमस्वरूपीतला रू दीर्घ."

त्यांनी उकार खोडून नीट केला. मग वर पाहून म्हणाले, "शुद्ध लिहिल्यानं दावा करता येत असन तं सांगा, मॅडम. सगळंच शुद्ध लिहितो."

मी तेव्हा हसले होते. आज ते आठवलं की स्वतःची लाज वाटते. माणूस आपल्या हाताने आपला हक्क खोडत होता आणि मी त्यात व्याकरण पाहत होते.

मग पंधराव्या वर्षी अर्थशास्त्राची कायम जागा निघाली. एकच. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी सरांचं अभिनंदनच करून टाकलं. मी मात्र घाबरले. मुलाखतीला बाहेरून विषयतज्ज्ञ येणार, त्यांच्यासमोर दहा मिनिटं शिकवून दाखवायचं. मी सरांना आठ दिवस ग्रंथालयात बसवून तालीम दिली. 'मले' नाही, 'मला'. 'करून राहिलो' नाही, 'करतो आहे'. 'काहून' तर चुकूनही नाही. आणि मुख्य म्हणजे विचारायचं नाही, सांगायचं. ते माझं सगळं निमूट ऐकत. वहीत लिहून घेत.

मुलाखतीच्या दिवशी कागदपत्रं तपासायचं काम माझ्याकडे होतं. प्राचार्यांच्या केबिनबाहेर टेबल मांडून मी बसले होते आणि दार पुरतं लागत नव्हतं. सरांनी सुरुवात चांगली केली. बेरोजगारीचे प्रकार, एक, दोन, तीन. भाषा अगदी स्वच्छ. पण ते बोलताहेत असं वाटत नव्हतं, कोणीतरी लिहिलेलं वाचताहेत असं वाटत होतं. तज्ज्ञांना कंटाळा आला असावा. त्यांनी मध्येच अडवून म्हटलं, "ते ठीक आहे. पण मूळ मुद्दा असा, की आपल्या पोरांना नोकऱ्या मिळत नाहीत, कारण त्यांच्यात कौशल्यच नसतं."

आणि तायडे सर म्हणाले, "काहून?"

मी बाहेर डोळे मिटून घेतले.

"काय?" तज्ज्ञ म्हणाले.

अजूनही वेळ गेली नव्हती. 'क्षमा करा' म्हणून पुढे जाता आलं असतं. पण सरांचा आवाज बदलला होता. तो पार्टिशनपलीकडचा आवाज होता. "म्हणजे, कौशल्य नाही म्हणून काम नाही, का काम भेटत नाही म्हणून कौशल्य येत नाही? तुमाले काय वाटते?"

तज्ज्ञांनी काहीतरी उत्तर दिलं.

"काहून?"

आत कोणाचं तरी पेन टेबलावर टकटकत राहिलं. मग मुलाखत समितीच्या अध्यक्षांचा आवाज आला, "तायडे, मुलाखत तुमची आहे. त्यांची नाही."

सर बाहेर आले, माझ्यासमोरच्या रजिस्टरवर सही केली आणि हळूच म्हणाले, "मॅडम, तो माणूस विचार करून राहिला होता. दोन मिनिटं अजून देले असते तं आला असता उत्तरापर्यंत."

जागा दुसऱ्याला मिळाली. नागपूरकडचा तरुण मुलगा, हुशार, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. सगळे सरांना समजावू लागले, की ते आधीच ठरलेलं होतं, तुम्ही काहीही केलं असतं तरी हेच झालं असतं. सरांनी हे समाधान घेतलं नाही. मला म्हणाले, "ठरलेलं होतं म्हटलं की माझी चूक सापडत नाही. मी चुकलोच ना. विचारायचं नव्हतं, विचारलं." मी म्हटलं, चूक माझी, मी तुमची भाषा काढून घेतली. त्यावर ते कंपासपेटी उचलून तासाला निघून गेले. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

कायम प्राध्यापक आल्यावर सरांचे तास कमी झाले. त्यांच्याकडे तिसऱ्या वर्षाचा एक वर्ग उरला. त्याच वर्गात आता प्रणाली होती. सर तेवढ्या वर्गासाठी अमरावतीहून येत राहिले.

त्या वर्षीच्या जानेवारीतला एक तास मी विसरणार नाही. त्या दिवशीची चिठ्ठी एका मुलाने मोठ्याने वाचली. एक माणूस परतवाड्याच्या बससाठी दोन तास थांबला आहे. गाडी आलेली नाही. आता त्याने थांबावं, की निघून दुसरी सोय पाहावी? 'दोन तास थांबलोच आहे, आता कशाला जायचं' हा त्याचा विचार बरोबर आहे का?

मुलं तोवर तयार झालेली होती. पाच मिनिटांत उत्तर आलं, की गेलेले दोन तास मोजायचे नाहीत. ते थांबलं तरी गेले आणि निघालं तरी गेले. पुढे गाडी यायची शक्यता किती, तेवढंच बघायचं. याला पुस्तकात बुडीत खर्च म्हणतात.

"बरोबर," सर म्हणाले. "आता बसच्या जागी नोकरी लिहा. दोन तासांच्या जागी सोळा वर्षं. माणसाचं नाव श्री. क्ष. थांबावं का जावं?"

माझ्या हातातलं पुस्तक मी मिटलं. वर्गाला म्हटलं, वाचत बसा. माझी मुलंही ऐकतच होती.

पलीकडे हसणं झालं. कोणीतरी म्हणालं, "सर, हा क्ष येडा हाय काय?" सरांनी त्याला खाली बसवलं. मग बाकामागून बाक उठू लागला. जावं. जावं. सर, जावं. प्रत्येकाला सरांनी काहून विचारलं आणि प्रत्येकाने चोख कारण दिलं. सोळा वर्षांत गाडी आली नाही म्हणजे पुढेही येण्याची शक्यता कमी. वय वाढतंय, दुसरी सोय मिळणंही अवघड होत जाईल. जितका उशीर तितकं नुकसान. इतकी नीट उत्तरं त्या वर्गाने कधी दिली नव्हती, आणि ती देताना आपण काय करतोय हे एकालाही कळत नव्हतं.

शेवटी प्रणाली उठली. "सर, क्षले ते काम आवडते काय?"

"आवडते."

"मंग सोळा वर्षं बुडीत कसे? ते तं त्याले भेटलेच ना."

"मागचं सोड. उद्यापासूनचं मोज."

"उद्यापासून बी आवडनच की त्याले."

सर म्हणाले, "आवडते म्हणूनच त्याले असं ठेवता येते, पोरी. हे बी उत्तरात लिही."

आणि मग प्रणालीचाच आवाज आला, पण वेगळा. "सर, हे तुमी आहात काय?"

बाक सरकल्याचा आवाज झाला. माझ्या वर्गातली एक मुलगी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"उदाहरणातला माणूस कोण आहे याचा उत्तराशी संबंध नसते," सर म्हणाले. "तुमचं उत्तर बरोबर आलं आहे. लिहून घ्या."

घंटा झाल्यावर मी धावत बाहेर गेले. ते जिना उतरत होते. मी म्हटलं, "सर, चहा?" ते म्हणाले, "गाडीची वेळ झाली, मॅडम."

मार्चपर्यंत त्यांनी तो वर्ग पुरा केला, परीक्षेआधीच्या रविवारी आलेही. जुलैत मात्र हमीपत्र लिहायला ते आले नाहीत. मी फोन केला तेव्हा वहिनींनी उचलला. म्हणाल्या, "इथंच राजापेठला क्लासवर जातात आता. स्पर्धा परीक्षेच्या पोराईले शिकवतात. तब्येत बरी हाय." मी बरं म्हटलं आणि ठेवला. पुन्हा फोन करायचा धीर मला झाला नाही.

दोन वर्षांनी आमच्याकडे अर्थशास्त्राची आणखी एक जागा मंजूर झाली. जाहिरात पेपरात आली त्या दिवशी मी कात्रण पर्समध्ये टाकलं आणि अमरावतीची गाडी धरली. फोनवर सांगता आलं असतं. पण मला त्यांचा चेहरा बघायचा होता. या वेळी मी तालीम देणार नव्हते. वाटेल त्याला वाटेल ते विचारा, असं सांगणार होते. बडनेऱ्यापर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत होते.

राजापेठेत त्या रस्त्याला वर पाहावं तिकडे क्लासच्या पाट्या आणि खाली पाय ठेवायला जागा नाही इतक्या दुचाक्या. तिसऱ्या मजल्यावर काचेचं दार होतं. आत शंभरावर मुलं मांडीला मांडी लावून बसलेली आणि सगळ्यांच्या माना खाली. समोर तायडे सर. कॉलरला छोटा माईक. ते सांगत होते, सगळे लिहीत होते. "मुद्दा क्रमांक चार. अवमूल्यनामुळे निर्यातीस चालना मिळते, पूर्णविराम. मुद्दा क्रमांक पाच." इतक्या मुलांच्या त्या खोलीत पेनांशिवाय कसलाही आवाज नव्हता.

मी काचेवर बोट वाजवलं. त्यांनी पाहिलं, माईक हाताने झाकला आणि बाहेर आले. तब्येत खरंच बरी होती. गाल भरले होते.

"मॅडम, तुमी इकडे?"

मी कात्रण पुढे केलं. त्यांनी ते अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. शेवटची तारीखही वाचली, कारण त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी त्याची नीट घडी केली. मला वाटलं, खिशात ठेवताहेत. त्यांनी ते माझ्या हातात परत दिलं.

"हे प्रणाली इंगळेले द्या. तिचं एम.ए. झालं, नेट निघाली. तिले जमन."

"आणि तुम्ही?"

"मले आता शिकवता येत नाही, मॅडम."

मी काहीतरी म्हणायला लागले, असं कसं, सोळा वर्षं तुम्ही, वगैरे. ते ऐकून घेत होते. रडवेले वगैरे झाले नाहीत. गाडी किती वाजता आहे हे सांगावं त्या आवाजात म्हणाले, "दोन वर्षं झाले, कोणाले एक प्रश्न नाही विचारला. परवा घरी करून पाहिलं. चिठ्ठी लिहायले बसलो. सुचतच नाही."

आतून कोणीतरी काच वाजवली. सरांनी मला हात जोडले, मीही जोडले. ते आत गेले, माईक सारखा केला आणि पहिल्या रांगेतल्या मुलीला म्हणाले, "कुठपर्यंत आलो होतो?"

तिने वहीतून वाचून दाखवलं.

"हां. मुद्दा क्रमांक पाच," सर म्हणाले, आणि सगळ्या माना खाली गेल्या.